शहरातील स्त्री आणि एचआयव्हीचे संकट
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



हा विषय निघाला की वडीलधारी मंडळी खाली मान घालतात आणि मुलांना बाहेर पाठवितात. म्हणूनच तो आज मुलांसमक्ष मांडणे मला आवश्यक वाटते.

आपल्या देशात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ साली मद्रास येथे उघडकीस आली. ज्यांच्या रक्तात ती आढळली त्या स्त्रिया वेश्याव्यवसायातील होत्या. तेव्हापासून समाजाने समजूत करून घेतली की, हा रोग 'तसल्या' बायकांचा, घरंदाज स्त्रीला त्याचे भय नाही. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या एका पाहणीने ही समजूत खोटी ठरविली. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, पण वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी शेकडा सुमारे १४ जणींना लागण झालेली होती. या दवाखान्यातल्या स्त्रिया होत्या, तेव्हा हे प्रमाण सर्वच समाजाला लागू होत नाही. परंतु त्यांतल्या बहुतेकींचा संबंध केवळ आपल्या पतीशीच आलेला होता, ही गोष्ट आपल्याला विसरता येणार नाही.

मग त्यांचा दोष कोणता? वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडची कितीतरी कुटुंबे पोटासाठी नागपूर, पुणे, मुंबई गाठतात. नवरा बांधकामावर किंवा ट्रकवर महिनोन्महिने बाहेर असतो. तो परतला की "इतके दिवस कुठे होता?" असे विचारण्याची सोय बायकोला नसते, कारण खोलीचे भाडे, रेशन, मुलांची फी हे सारे त्याच्या हाती असते. निरोधने लागण टळते हे तिला ठाऊक असले, तरी तो वापरा असे म्हणण्याचे बळ ती कोठून आणणार? विधवा किंवा टाकलेली स्त्री तर अधिकच अडचणीत. भाडे थकले की घरमालक आणि काम हवे असले की मुकादम तिची असहायता हेरतो. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःची कमाई नाही, तिच्या नकाराला कोणी किंमत देत नाही. माझ्या मते संकटाचे मूळ येथे आहे.

रोग्याला दूर लोटण्याची रीत जुनी आहे. पण ती मोडण्याचा वारसाही आपल्याच जिल्ह्याचा आहे. १९३६ साली दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामला गांधीजी स्वतःच्या हातांनी परचुरे शास्त्रींच्या जखमा धूत. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज एचआयव्हीवर औषध आहे, आणि एप्रिल २००४ पासून सरकार ते मोफत देते. ते नियमित घेऊन विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. गरोदर मातेची वेळीच तपासणी व उपचार झाले, तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा ५ च्या खाली आणता येते. एका ताटात जेवल्याने, हात मिळविल्याने, शाळेत एका बाकावर बसल्याने हा रोग पसरत नाही.

तेव्हा पालकहो, माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, मुलीचे शिक्षण दहावीवर थांबवू नका. तिच्या हाती कमाईचे एखादे कौशल्य द्या. दुसरी, निकाहासाठी मुलीची कबुली लागते. ती कबुली डोळसपणे दिलेली असावी. तारीख ठरण्यापूर्वी मुलगा-मुलगी दोघांनीही राजीखुशीने तपासणी करून घेतली, तर त्यात कोणाचाही अपमान नाही. तिसरी, मुलग्यांनाही सांगा, घराची अब्रू एकट्या बहिणीच्या माथी नसते. चौथी, नवरा या आजाराने गेला म्हणून सुनेला घराबाहेर काढू नका. २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो, आणि शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो.

सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत तपासणी विनामूल्य होते व नाव गुप्त राखले जाते. १०९७ या क्रमांकावर फोन करूनही विनामूल्य माहिती मिळते. विद्यार्थिनींनो, हा क्रमांक वहीत लिहून घ्या आणि घरी गेल्यावर अम्मीलाही सांगा.