जलाशयातील नौकेसाठी विजेची मोटर : निवड कशी करावी?



उजनी किंवा जायकवाडीसारख्या विस्तीर्ण जलाशयावर ज्याचा उदरनिर्वाह चालतो, त्याचा दिवस दोन फेऱ्यांत विभागलेला असतो. सायंकाळी जाळी लावण्यासाठी एक फेरी आणि पहाटे ती उचलण्यासाठी दुसरी. कटला, रोहू, मृगळ, चिलापी जे काही जाळ्यात लागेल ते लिलावाच्या वेळेत काठावर पोहोचले पाहिजे. ही सारी ये-जा पिढ्यान्‌पिढ्या वल्ह्यांवर होत आली. पेट्रोलचे आउटबोर्ड मशीन बसवावे तर इंधनाचा रोजचा खर्च लहान होडीला झेपत नाही. अशा वेळी बॅटरीवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या लहानशा मोटरीकडे मच्छीमाराचे लक्ष वळले, तर त्यात नवल नाही.

या यंत्राला ‘ट्रोलिंग मोटर’ असे म्हणतात. येथे एका शब्दाविषयी सावध केले पाहिजे. कोकण किनाऱ्यावर ‘ट्रॉलर’ म्हटले की तळाशी जाळे ओढत नेणारी मोठी यांत्रिक नौका डोळ्यांपुढे येते. तिचा आणि या मोटरीचा काहीएक संबंध नाही. ‘ट्रोलिंग’ म्हणजे नौका अगदी संथ चालवून मागे गळाची दोरी सोडत जाणे. अमेरिकेतील सरोवरांवर ही पद्धत फार लोकप्रिय आहे. तेथील नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो या गावी ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीची स्टार्टर मोटर घेऊन तिला दांडा व पंखा जोडला आणि हे यंत्र सिद्ध केले. मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या नावांवरून त्याला ‘मिन कोटा’ हे नाव मिळाले. तेव्हा ही मोटर मुळात संथ गतीसाठी आणि हौशी मासेमारीसाठी जन्माला आली आहे, ही गोष्ट खरेदी करणाऱ्याने प्रथम मनात पक्की करावी. ती वल्ह्याची जागा घेईल. पाच अश्वशक्तीच्या पेट्रोल मशीनची जागा ती घेणार नाही, आणि जाळे ओढत नेण्याचे काम तर तिच्याकडून मुळीच होणार नाही.

मोटरीची ताकद अश्वशक्तीत सांगितली जात नाही, ती रेट्यात सांगितली जाते, आणि तोही पौंडांत. ३०, ४५, ५५, ८० असे आकडे मोटरीवर छापलेले असतात. नौका जागेवर बांधून मोटर पूर्ण वेगाने चालविली असता ती पाण्याला जितक्या जोराने मागे ढकलते, तो हा रेटा. साधारणतः ५५ पौंडांपर्यंतच्या मोटरी १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतात. ७० ते ८० पौंडांसाठी २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात, तर शंभराच्या पुढे ३६ व्होल्ट, म्हणजे तीन. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगाने चालताना सुमारे ५० अँपिअर प्रवाह घेते. १२ व्होल्टने गुणले असता ६०० वॅट होतात, म्हणजे एका अश्वशक्तीहूनही कमी. हा हिशेब दुकानात उभे राहून कोणालाही करता येतो, आणि तो केला की पुष्कळसा भ्रम दूर होतो.

किती रेटा घ्यावा, याचा एक ढोबळ नियम रूढ आहे. भरलेल्या नौकेच्या दर १०० पौंड वजनामागे, म्हणजे दर ४५ किलोमागे, किमान २ पौंड रेटा असावा. सोळा फुटी फायबरची होडी, दोन माणसे, जाळी, बॅटरी आणि परतीच्या वेळची मासळी मिळून वजन ४०० किलो धरले, तर नियमाप्रमाणे १८ पौंड पुरतात. विक्रेता येथेच थांबतो आणि ३० पौंडांची मोटर पुढे ठेवतो. निवांत तळ्यात ती चालेलही. परंतु आपल्या जलाशयांवरील मच्छीमाराची गाठ निवांत पाण्याशी नसून वाऱ्याशी आहे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या प्रमाणात न वाढता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पाण्यावर दिसणारा होडीचा भाग आणि बसलेली दोन माणसे मिळून समोरून दीड चौरस मीटर क्षेत्र वाऱ्याला अडविते, असे समजू. ताशी २० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात या होडीला मागे लोटणारा जोर सुमारे ३ किलो, म्हणजे ६ पौंड होतो. ताशी ४० च्या वाऱ्यात तो ११ किलोंवर, म्हणजे २५ पौंडांवर जातो. आणि ताशी ६० च्या वाऱ्यात तोच जोर २५ किलो, म्हणजे ५५ पौंड होतो. एक बॅटरी वापरणाऱ्या सर्वांत मोठ्या मोटरीचा सारा रेटा तेथे संपला. लाटांचा मार यात धरलेलाच नाही. मोटर पूर्ण वेगाने फिरत राहील आणि होडी जागची हलणार नाही. होडी आडवी झाल्यास तर वाऱ्यापुढचे क्षेत्र कितीतरी वाढते.

वैशाख-ज्येष्ठात वळवाचा वारा किती अल्पावधीत उठतो, हे जलाशयाकाठच्या लोकांना सांगावयास नको. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी नौका उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. ती नौका मासेमारीची नव्हती. पण पाणी तेच आणि वाराही तोच. यास्तव ४०० किलो वजनाच्या होडीला, नियमाचे १८ पौंड पुरेसे असले तरी, ४५ ते ५५ पौंडांची मोटर घेणे शहाणपणाचे ठरते. ताशी ४० च्या वाऱ्याविरुद्ध काठ गाठण्यापुरते बळ तिच्यात असते. याहून अधिक वाऱ्यात उत्तर मोटरीत शोधावयाचे नसते. आभाळ भरून आले की जाळ्याकडे न जाणे, हेच खरे उत्तर. वल्ही मात्र मोटर बसविल्यावरही होडीतून काढू नयेत, आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे.

मोटरीची निवड झाली की काम झाले असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः खरी निवड बॅटरीची असते, आणि फसगतही तिथेच होते. मोटारगाडीची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून ती आणली जाते. ती क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन सुरू करण्यासाठी घडविलेली असते. तासन्‌तास रिकामी होत राहण्याची तिची रचनाच नव्हे. काही महिन्यांत ती निकामी होते आणि दोष मोटरीच्या माथी मारला जातो. घरगुती इन्व्हर्टरला लावतात ती ट्यूब्युलर बॅटरी या कामास कितीतरी बरी. तिच्या जाड पट्ट्या खोलवरचा उपसा सहन करतात. मात्र शिशाची कोणतीही बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. १५० अँपिअर-तास असे लिहिलेल्या बॅटरीतून रोजच्या वापरासाठी ७५ च मिळतात असे धरून चालावे. शिवाय तो १५० चा आकडा बहुधा २० तासांच्या संथ वापरावर काढलेला असतो. ५० अँपिअरच्या वेगाने उपसा केला, तर तितके हाती लागत नाही.

आता एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. जाळी काठापासून ३ किलोमीटरवर आहेत. वारा पडलेला आहे, मोटर मध्यम गतीवर १५ अँपिअर घेत आहे आणि होडी ताशी ४ किलोमीटर चालली आहे, असे समजा. एका फेरीस दीड तास आणि साधारण २३ अँपिअर-तास लागले. संध्याकाळच्या व पहाटेच्या मिळून दोन फेऱ्यांना ४५. शंभराच्या बॅटरीतही हे बसते, आणि म्हणून पुष्कळ जण शंभराचीच घेतात. पण एखाद्या संध्याकाळी परतताना वारा समोर आला, मोटर पूर्ण वेगावर ठेवावी लागली आणि होडी ताशी २ किलोमीटरच पुढे सरकू लागली, तर काठ यायला दीड तास लागतो आणि तेवढ्या एका परतीलाच ७५ अँपिअर-तास खर्च होतात. जाण्याचे ११ धरून बेरीज ८६. शंभराची बॅटरी वाटेतच मान टाकते. दीडशेची बॅटरी त्या दिवशी निम्म्याच्या खाली जाईल, तिच्या आयुष्यातून थोडे कापले जाईल, पण ती घरी आणील. बॅटरी रोजच्या फेरीच्या मापाने घ्यावयाची नसून अशा एका संध्याकाळच्या मापाने घ्यावयाची असते.

वजनाचा विचारही करावा लागतो. दीडशेची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोंहून अधिक भरते, म्हणजे होडीत जणू तिसरा माणूसच बसतो. ती मध्यावर, तळाशी, पट्ट्याने बांधून ठेवावी. कललेल्या होडीत ती घसरली तर होडी उलटावयास वेळ लागत नाही. तिच्यातून आम्ल सांडू शकते आणि भरताना ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती हवेशीर पेटीत असावी व जवळ विडी ओढू नये. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी या बाबतीत सरस आहे. शंभर अँपिअर-तासांची असली तरी ती १२-१३ किलोंचीच असते, ८० टक्क्यांहून अधिक रिकामी करता येते आणि हजारो वेळा भरता येते. किंमत मात्र मोटरीच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकते, आणि तिला तिचाच चार्जर लागतो. ज्याची रोज दोन फेरी होते त्याला ती काही वर्षांत परवडते. आठवड्यातून दोनदा पाण्यात उतरणाऱ्याने तिच्या मागे लागू नये.

भरण्याचा प्रश्न गौण नाही. ७५ अँपिअर-तास परत भरावयास १५ अँपिअरच्या चार्जरला पाच तास लागतात आणि शेवटचा भाग हळू भरत असल्याने प्रत्यक्षात रात्रच जाते. संध्याकाळची फेरी आणि पहाटेची फेरी यांच्यामध्ये वीज गेली, तर पहाटेचा हिशेब चुकतो. होडीवर शंभर वॅटचे सौर पत्रे लावून हे भागेल असे सांगणारे भेटतात. असे एक पान भर उन्हात ५-६ अँपिअर देते. ७५ भरून निघण्यास तीन दिवस लागतील. पूरक म्हणून ते ठीक आहे.

बॅटरीपासून मोटरीपर्यंतची तार हा खर्चाच्या दृष्टीने किरकोळ, पण परिणामाच्या दृष्टीने मोठा भाग. बॅटरी मध्यावर ठेवली की मागच्या फळीपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर तार सहज लागते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ५० अँपिअरला यातच २ व्होल्टहून अधिक दाब नष्ट होतो आणि तार तापते. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहतो. बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा ब्रेकर बसविणे अगत्याचे आहे. जाळ्यात पंखा अडकला की मोटर अडते, प्रवाह चढतो, आणि ब्रेकर नसेल तर तार पेट घेते.

वेग बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. स्वस्त मोटरीत पाच पायऱ्यांचा खटका असतो. कमी वेगावर तो उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवतो. दुसऱ्या पद्धतीत वीज सूक्ष्म तुकड्यांनी चालू-बंद होते, त्यामुळे मध्यम गतीवर बॅटरी पुष्कळ अधिक टिकते. रोज वापरणाऱ्याने ही दुसरीच घ्यावी. पुढच्या टोकाला बसवावयाच्या, उपग्रहाच्या साहाय्याने नौका एका जागी धरून ठेवणाऱ्या मोटरीही मिळतात. गळाने मासे धरणाऱ्या हौशी माणसाला त्या सोयीच्या, पण पुढून जाळे ओढून घेणाऱ्याला तो पंखा अडचणीचाच. मागच्या फळीवर बसणारी, हातदांड्याची साधी मोटर आपल्या कामाला योग्य. तिचा दांडा इतका लांब असावा की लाटेवर होडी उचलली तरी पंखा पाण्याच्या फूटभर खाली राहील. खाडीत वापरावयाची असल्यास खाऱ्या पाण्यासाठी बनविलेली आणि जस्ताचा तुकडा लावलेली मोटर घ्यावी, व रोज गोड्या पाण्याने धुवावी.

जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्याच्या मागे आसाभोवती गुंडाळला जातो, तो बाहेरून दिसत नाही. तो हळूहळू रबरी सील कापतो, पाणी आत शिरते आणि मोटर जळते. दर आठवड्यास एक नट सोडवून पंखा काढावा व धागा साफ करावा. पिन तुटली असल्यास तीही तेव्हाच बदलावी. पावसाळ्यात मोटर बंद राहणार असेल, तर शिशाची बॅटरी घरात कोरड्या जागी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. ट्यूब्युलर बॅटरीतील पाण्याची पातळी त्याच वेळी पाहावी आणि केवळ ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.