गोळी कमी होते, तशी घरातली मदतही कमी होते
(शिरड शहापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पुण्यात नोकरी करते. मला ल्युपस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, कधी मूत्रपिंडावर उलटते. त्यासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी मला रोज ४० मिलिग्रॅमने सुरू झाली. ती ५ च्या खाली यायला दीड वर्ष लागलं. आज मी आजारावर बोलणार नाही. गोळी उतरवताना जो थकवा येतो, त्यावर बोलणार आहे. आमवात, दमा, आतड्याची सूज अशा कितीतरी आजारांत हीच गोळी दिली जाते, आणि थकवा आला की लोक एक तर ती एकदम बंद करतात, नाही तर आपल्या मनाने वाढवतात. दोन्हींत धोका आहे.

आधी हा थकवा येतो कुठून ते पाहू. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. डॉक्टर त्यांना ॲड्रिनल म्हणतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य बनवतात. पहाटे ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्री सर्वांत कमी. सकाळी अंथरुणातून उठवतं ते हेच. शरीराची रोजची गरज साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी असते. बाहेरून ४० मिळायला लागले की मेंदू म्हणतो, माल भरपूर आहे, कारखाना बंद ठेवा. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असं चाललं की ग्रंथी झोपी जाते. पुढे गोळी ५ च्या आसपास आली की तिने जागं व्हायला हवं, पण ती लगेच होत नाही. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला वर्षही लागतं. मधल्या काळात माणूस पेंगतो, उभं राहिलं की गरगरतं, भूक मरते, अंग ठणकतं.

म्हणून गोळी वरच्या टप्प्यात भराभर उतरते आणि खाली आल्यावर मुंगीच्या पावलाने. हिशेब सोपा आहे. ४० वरून ३५ म्हणजे आठवा हिस्सा कमी झाला. ५ वरून ४ म्हणजे पाचवा हिस्सा. कागदावर एकच मिलिग्रॅम दिसतो, शरीराला तो मोठा वाटतो. "आता एवढीशीच तर राहिली, सोडून दे" हा सल्ला म्हणूनच वाईट आहे.

आता जे सांगायला मी मुद्दाम आले, ते. ४० मिलिग्रॅमवर माझा चेहरा भाकरीसारखा फुगला होता. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी फार आजारी आहे. शेजारच्या खाला डबा आणायच्या, कुणी मला बादली उचलू द्यायचं नाही. खरं तर तेव्हा मी रात्री दोनला उठून कपाट आवरत होते, कारण मोठ्या डोसवर झोप उडते आणि अंगात नको तेवढी तरतरी येते. पुढे गोळी उतरली, चेहरा उतरला, आणि सगळे म्हणाले, "आता छान दिसतेस गं, बेटा." डबे थांबले. आणि नेमकं तेव्हाच मला आंघोळ करून आल्यावर केस विंचरायला हात वर धरवत नव्हता.

दिसणं आणि थकणं यांचे आलेख एकमेकांच्या उलट चालतात. घरच्यांनी मदत चेहरा बघून ठरवू नये, गोळीच्या पाकिटावरचा आकडा बघून ठरवावी. विशेषतः घरातल्या सुनेच्या बाबतीत. पुरुष आजारी पडला तर त्याला विश्रांती मिळते. बाईला "जमेल तेवढंच कर" असं सांगितलं जातं, आणि जमेल तेवढं म्हणजे सगळंच असतं.

मी काय केलं ते सांगते. वहीत रोज तीन गोष्टी लिहिल्या: डोस, सकाळचा थकवा दहापैकी किती, संध्याकाळचा किती. दोन महिन्यांनी दिसलं की डोस उतरला की पहिले काही दिवस वाईट जातात, मग सावरतं. ते दिसल्यावर निम्मी भीती गेली. डोस उतरायच्या आठवड्यात लग्न, प्रवास, पाहुणे असं काही ठेवलं नाही. डोक्याचं काम सकाळी, बैठका दुपारनंतर, असं ऑफिसात सांगून टाकलं. शेतात कामाला जाणारी बाई हे असं सांगू शकत नाही, मला माहीत आहे. पण हळद शिजवायच्या दिवसांत तिला चुलाण्याजवळ उभं न करता निवडायला बसवता येतं. स्वयंपाक बसून करता येतो. आणि बरं वाटलेल्या दिवशी साचलेलं सगळं काम उरकायला घेऊ नये, पुढचे तीन दिवस त्याची वसुली होते. नुसतं पडूनही राहू नये. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू झिजतात, उकिडवं बसून उठता येत नाही. रोज थोडं चालावं. डाळ, अंडी, दूध पोटात जावं. गोळी सकाळी, खाऊन घ्यावी, म्हणजे शरीराची घड्याळाची चाल पाळली जाते.

हळद वसमतची असो की आपल्या शेतातली, दुधात घालून खुशाल प्या. गोळीची जागा ती घेत नाही.

प्रत्येक थकवा गोळीचाच असतो असंही नाही. सांधे सुजले, ताप आला, पुरळ उठलं, पायावर सूज आली, तर मूळ आजार उलटला असेल. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, साखर वाढली असेल, मन खचलेलं असेल. डॉक्टरांना विचारा. डोस ५ च्या आसपास आला की सकाळी आठ-नऊला, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसॉल तपासता येतं. १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी सहसा जागी झालेली असते. ५ च्या खाली असेल तर अजून थांबायचं. मधे असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

रोज्याबद्दल मला नेहमी विचारतात. ग्रंथी झोपलेली असताना दिवसभर पाण्याशिवाय राहणं जोखमीचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करायची मुभा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. कडक उपवास करणाऱ्या बहिणींनाही हेच लागू आहे.

एक गट असा आहे ज्याला आपण स्टेरॉइड घेतोय हेच ठाऊक नसतं. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका तरुण बाईला हे औषध पहिल्यांदा टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये नोबेल मिळालं. औषध थांबलं की दुखणं परत येतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. म्हणून कुणाच्या पुडीने किंवा सुईने तीन दिवसांत गुडघे मोकळे झाले, तर खूश होण्याआधी विचारा की यात काय आहे. पाकिटावर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट यांपैकी काही लिहिलंय का बघा. पुडीवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नका. महिनाभर घेऊन झाली असेल तर गुपचूप बंदही करू नका, उरलेली पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

शेवटचं. गोळी चालू असताना किंवा नुकतीच सुटलेली असताना उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल, माणूस गळून गेला असेल, बरळत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याला हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं आणि ते वेळेवर मिळालं नाही तर जीव जातो. नांदेडला नेताना वाटेतल्या डॉक्टरलाही समजावं म्हणून खिशात कार्ड ठेवा: नाव, आजार, गोळी व डोस, कधीपासून, आणि "स्टेरॉइड अचानक बंद करू नये". कोरी कार्डं दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी गोळ्यांची पाकिटं घेऊन माझ्याकडे या, मी भरून देते.