आधी ‘सोड’, मग ‘आण’

घरात पिल्लू आलं की लवकरच कोणीतरी त्याच्यासमोर चेंडू टाकतं. पिल्लू झेपावतं, चेंडू तोंडात धरतं आणि लांबच उभं राहतं. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर, शेपटी हलतेय, नजर तुमच्यावर. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत की ते चार पावलं मागे. मग मुलं आरडाओरडा करत त्याच्यामागे धावतात. पिल्लाला यात फार मजा येते आणि तेवढ्यात ते एक धडा पक्का शिकतं: वस्तू तोंडात धरली की माणसं मागे लागतात. पुढे हेच पिल्लू मोठं होऊन चष्मा किंवा औषधांची पाकिटं घेऊन पलंगाखाली शिरतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

वस्तू आणून देणं हे एक काम नव्हे. धावणं, उचलणं, परत येणं आणि हातात देणं अशी चार कामं त्यात आहेत. धावणं बहुतेक कुत्र्यांना शिकवावं लागत नाही. परत येणं मात्र काही जातींमध्ये माणसानं मुद्दाम निवड करून वाढवलं. स्कॉटलंडमध्ये १८६८ साली लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी पिवळ्या रंगाचा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी जमवली. आजचा गोल्डन रिट्रीव्हर त्याच वंशातला. पाडलेला पक्षी दातांनी न चिरडता मालकाच्या हातात देणारा कुत्रा शिकाऱ्यांना हवा होता. आपल्या दख्खनचा कारवान कुत्रा वाढवला गेला तो माळावर सशामागे सुसाट धावण्यासाठी. तोही आणायला शिकतो, गावठी कुत्राही शिकतो. फक्त धीर जास्त लागतो.

बहुतेक लोक शिकवण्याची सुरुवात फेकण्यापासून करतात. माझं म्हणणं आहे की सुरुवात शेवटच्या कामापासून करावी. पिल्लाच्या तोंडात चेंडू असताना उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरा. नाकपुड्या हलतात, जबडा सैलावतो आणि चेंडू खाली पडतो. नेमक्या त्या क्षणी ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या, आणि, हे सर्वांत महत्त्वाचं, चेंडू लगेच त्याला परत द्या. दिलेली वस्तू आपल्याला परत मिळते, हे त्याला पटलं की निम्मं काम झालं. जबडा जबरदस्तीनं उघडून वस्तू काढलीत, तर पुढच्या वेळी ते दात अधिक घट्ट आवळेल किंवा घाईनं गिळून टाकेल.

‘सोड’ पक्कं झालं की मग फेका, पण जवळच. दोन्ही बाजूंची दारं लावलेला घरातला बोळ यासाठी उत्तम, कारण परत यायला एकच वाट असते. पिल्लू चेंडू घेऊन थांबलं तर पुढे जाऊ नका. पाठ फिरवा, दोन पावलं उलट दिशेला चाला, आनंदानं हाक मारा. आता मागे लागायची पाळी त्याची. मैदानात गेलात की गळपट्ट्याला लांब, हलकी दोरी बांधा. ओढायला नव्हे, ते निसटू नये एवढ्यापुरती. आणि त्याची हौस शिल्लक असतानाच खेळ थांबवा. दमून कंटाळेपर्यंत चेंडू फेकत राहिलात, तर शेवटी ते अर्ध्या वाटेत चेंडू टाकून देईल आणि तीच सवय लागेल.

साधारण चार ते सात महिन्यांच्या वयात दूधदात पडून नवे येतात. हिरड्या दुखत असतात, तेव्हा पिल्लू वस्तू धरायला नाखूश असेल तर रागावू नका. कापडाची मऊ गुंडाळी द्या. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरा. आजोबांचं ‘दे’, मुलांचं ‘ड्रॉप’ आणि तुमचं ‘सोड’, यात ते गोंधळून जातं. उन्हाळ्यात हा खेळ सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावरच खेळा.

शेवटी एक कळकळीची विनंती. आपल्याकडे सहज हाताला लागतो म्हणून कुत्र्यासाठी दगड फेकतात. दगडानं दात तुटतात, आणि गिळला तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते. काठीचं टोक धावत्या कुत्र्याच्या घशात घुसू शकतं. घशात उतरणार नाही एवढा मोठा चेंडू घ्या, आणि दगड-काठी कृपा करून फेकू नका.