जहागीर आणि हुंडा

गॅरिबाल्डी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. मॅझिनीचे आत्मचरित्र सावरकरांनी मराठीत आणले ते १९०७ साली. इटलीच्या मुक्तिसंग्रामातील वीरांच्या कथा आपल्याकडे मोठ्या भक्तिभावाने वाचल्या गेल्या. हजारभर स्वयंसेवकांसह गॅरिबाल्डी ११ मे १८६० रोजी सिसिलीतील मार्साला येथे उतरला, हा त्या कथांतील सर्वांत रोमहर्षक प्रसंग. परंतु त्याच दिवसांत सिसिलीतील एखाद्या जुन्या सरदारी वाड्यातून ही क्रांती कशी दिसली असेल? लुकिनो व्हिस्कोंती यांचा १९६३ सालचा ‘इल गात्तोपार्दो’ हा चित्रपट नेमका त्या वाड्यात प्रेक्षकाला नेतो. घरातील मंडळी जपमाळ घेऊन प्रार्थनेला बसली आहेत, बाहेर गलबला होतो, आणि बागेत एका सैनिकाचे प्रेत सापडल्याची वार्ता येते. इतिहास या घरात शिरतो तो असा.

चित्रपट ज्या कादंबरीवर आधारलेला आहे तिचे लेखक जुझेप्पे तोमासी दी लांपेदूझा स्वतः सिसिलीतील सरदार घराण्याचे होते. ही त्यांची एकच कादंबरी. १९५७ साली ते वारले आणि ती प्रसिद्ध झाली १९५८ साली. व्हिस्कोंतीही मिलानच्या उमराव कुळातले. मात्र विचाराने साम्यवादी. म्हणूनच या चित्रपटात आपल्याच माणसांकडे पाहण्याची माया आहे, आणि त्यांचा हिशेब मांडताना हात आखडताही घेतलेला नाही.

सालिनाचा प्रिन्स दोन फाब्रिझिओ हा कथेचा नायक. त्याचा लाडका भाचा तान्क्रेदी देखणा, हुशार आणि कफल्लक. घराणे मोठे, पण बापाने सारे उधळून टाकलेले. हा तरुण गॅरिबाल्डीच्या सेनेत सामील होतो. त्यामागे देशभक्ती किती आणि धोरण किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक. आपले जे आहे ते राखायचे तर बदलाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, हे त्याने ओळखले आहे. काही महिन्यांतच लाल सदरा उतरवून तो राजाच्या सैन्याचा गणवेश चढवतो आणि कालच्या सहकाऱ्यांविषयी तुच्छतेने बोलू लागतो.

प्रिन्सची कन्या कोन्चेत्ता या तान्क्रेदीवर मनोमन प्रेम करते. उन्हाळ्यासाठी कुटुंब दोन्नाफुगाता या आपल्या जहागिरीच्या गावी जाते, तेव्हा तेथील नगराध्यक्ष दोन कालोजेरो सेदारा मेजवानीला येतो. जमिनी बळकावून आणि व्याजबट्टा करून गबर झालेला हा गृहस्थ बेढब शिवलेला टेलकोट घालून जिना चढतो, तेव्हा वाड्यातल्यांना हसू आवरत नाही. पण त्याच्यामागून त्याची मुलगी आंजेलिका आत येते आणि दिवाणखाना क्षणभर स्तब्ध होतो. जेवताना तान्क्रेदी एक चावट किस्सा सांगतो; कोन्चेत्ता संतापते आणि आंजेलिका मोठमोठ्याने हसते. त्या एका हसण्यात तीन आयुष्यांचा निकाल लागतो.

येथे हुंडा द्यायचा तो जमिनीचा आणि सोन्याचा. घ्यायचे ते नाव. सेदारा कोणकोणत्या शेतमळ्यांसह मुलगी देणार ते एकेक करून मोजून दाखवतो, आणि प्रिन्सला ते ऐकून घ्यावे लागते. गंमत अशी, की या व्यवहारामुळे प्रेम खोटे ठरत नाही. ओसाड दालनांमागून दालने हिंडत एकमेकांना शोधणारे ते दोघे खरोखर एकमेकांवर लुब्ध आहेत. आलँ दलाँ आणि क्लॉडिया कार्दिनाले यांच्या चेहऱ्यांवर त्याविषयी शंकेला जागाच उरत नाही. सोयीचे तेच मनालाही हवे असावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्याची किंमत कोन्चेत्ता भरते, आणि तिच्याकडे पाहायला कोणालाही सवड नाही.

दोन चिच्चो हा चर्चमधील वादक प्रिन्सचा शिकारीतला सोबती. त्याने सार्वमतात ‘नाही’ असे मत दिलेले असते. पण निकाल जाहीर होतो तेव्हा गावात विरोधी मत एकही निघत नाही. त्याचे मत सेदाराने गिळले! प्रिन्स सेदाराच्या घरी मागणी घालणार हे ऐकून सर्वांत जास्त दुखावतो तो हा गरीब वादकच. प्रिन्सहूनही त्याला प्रिन्सच्या कुळाचा अभिमान अधिक. वर्गभेदाचे हे विपरीत रूप फार थोड्या चित्रपटांनी इतक्या नेमकेपणाने टिपले आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ज्यांच्या श्रमावर हे वाडे उभे आहेत ते शेतकरी येथे जवळजवळ मूकच आहेत.

शेवटचा नृत्यसमारंभ सुमारे पाऊण तास चालतो. पालेर्मोतील खऱ्याखुऱ्या गांजी राजवाड्यात त्याचे चित्रण झाले. पंखे हलवणाऱ्या घामेजल्या स्त्रिया, वितळणाऱ्या मेणबत्त्या, पलंगावर उड्या मारणाऱ्या सरदारकन्या, आणि त्या गर्दीत एकटा, थकलेला प्रिन्स. आंजेलिका त्याला नृत्याला बोलावते. व्हेर्दीच्या अप्रकाशित वॉल्ट्झवर ती दोघे फिरू लागतात आणि सभोवारचे लोक थबकून पाहत राहतात. आपल्या कुळाची खरी वारसदार ही परक्या रक्ताची मुलगीच, हे बर्ट लँकेस्टर एक शब्दही न बोलता सांगून जातो. अमेरिकन नटाला सिसिलियन सरदार कसा साधणार, ही शंका येथे पुरती फिटते.

कान येथील महोत्सवात १९६३ साली सर्वोच्च मान मिळवणारा हा चित्रपट पाहायचा तो इटालियन संवादांचा, तीन तासांचा, पूर्ण. अमेरिकेसाठी कापून इंग्रजी बोलायला लावलेली आवृत्ती टाळलेली बरी. सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना मावळता जमीनदार आणि उगवता सावकार ही जोडी ओळखीची वाटेल. परंतु तेथे दोन घरांमध्ये विवाह नाही, येथे आहे.

समारंभ संपतो तेव्हा उजाडू लागलेले असते. घरी निघालेल्या गाडीत आंजेलिका आणि तान्क्रेदी एकमेकांना टेकून बसली आहेत. दूर कोठे बंदुकांचे बार ऐकू येतात: गॅरिबाल्डीला जाऊन मिळालेल्या सैनिकांना राजाचे सैन्य गोळ्या घालत आहे. सेदारा त्या सैन्याची समाधानाने वाखाणणी करतो. प्रिन्स त्या गाडीत नाही. तो पायीच निघाला आहे, एका अंधाऱ्या गल्लीतून.