दोन भाषांच्या उंबरठ्यावरील बालक
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात फैजपूर येथे दिलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले शिक्षक. आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. परंतु मंडळाच्या नियोजित बालमंदिरात पहिल्या दिवसापासून केवळ इंग्रजी बोलली जावी, अशी सूचना पुढे आली आहे. तिच्याविषयी चार शब्द बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम एका लहानशा समाजाचे उदाहरण घेऊ. कोकणातील बेने इस्रायल हे यहुदी लोक परंपरेने तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी, प्रार्थनेची हिब्रू. वल्हांडण सणाचा हग्गादा त्यांनी १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापविला. पुढच्याच वर्षी, १८७५ साली, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत आपल्या समाजातील मुलांसाठी शाळा काढली. माझगाव येथील सर एली कदूरी विद्यालय ते हेच. तेथे मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषांना स्थान मिळाले. धर्मासाठी हिब्रू हवी आणि चरितार्थासाठी इंग्रजी हवी, म्हणून घरची मराठी टाकावी, असे त्या समाजाला वाटले नाही. १९४८ नंतर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे इस्रायलात गेली. तेथेही त्यांनी मराठी नियतकालिक चालविले, आणि त्याचे नाव ठेविले 'मायबोली'!

बालक दोन भाषा कशा पेलते, याचे उत्तर डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारात सापडते. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी आपल्या देशात काढली. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत बालमन भोवतालची भाषा आपसूक शोषून घेते, हा त्यांचा सिद्धांत. मात्र हे शोषण जिवंत व्यवहारातून होते. वस्तू हाती येते, तिचे नाव कानी पडते, खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरते. मग लेखन, मग वाचन. ज्या भाषेत कोणी त्याला जेवू घातले नाही, जोजविले नाही, त्या भाषेतील घोकंपट्टी म्हणजे पोपटपंची होय.

हे तत्त्व मराठी मातीत रुजविले ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून, १९२६ साली त्या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ साली ताराबाई बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत कार्य केले. विलायती उपकरणे महाग पडत, तेव्हा त्यांनी खडे, शिंपले, पाने आणि बिया हीच उपकरणे मानिली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९७५ साली सरकारी बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांना आज देशभर अंगणवाडी म्हणतात.

आता आपल्या घराकडे वळू. आपले लेकरू घरी 'केयी' म्हणते, पुस्तकात 'केळी' असते, आणि नव्या शाळेत त्याच फळाला 'बनाना' म्हणावयाचे! तीन वर्षांच्या जिवाने 'माले पानी दे' म्हणताच बाईंनी डोळे वटारले, तर तहान विसरून ते गप्प बसते. एका शाळेत, तिचे नाव येथे नको, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी आम्ही पाहिली आहे. तिच्या आजीजवळ ती अखंड बोलत असे. अशा मुलीला मंद ठरविणे हा अन्याय होय. ज्या बोलीत आसोद्याच्या बहिणाबाईंनी, अक्षरओळख नसताना, अवघ्या महाराष्ट्राला वेड लावणारी रचना केली, त्या बोलीची लाज आपल्याच नातवंडांना वाटावी काय?

आम्ही इंग्रजीचे वैरी नाही. आपली मुले परदेशी जातात, त्यांना ती हवीच. आमची सूचना इतकीच की, बालमंदिरात बोली व मराठी हा पाया असावा. इंग्रजी गाणी, गोष्टी आणि खेळ यांतून रोज थोडी यावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. शिक्षिका बोली जाणणारी नेमावी. तापीची वाळू ताटात पसरून मुलांना अक्षरे गिरवू द्यावीत; सरकी, चिंचोके, तूर आणि ज्वारीची धाटे यांतून गणित शिकवावे. या साहित्याला खर्च नाही.

आणखी एक विनंती. कदूरी विद्यालयात आज बहुसंख्य मुले अन्य समाजांची आहेत. एका समाजाने लावलेल्या झाडाची सावली सर्वांना मिळाली. आपल्या बालमंदिराचे दारही तडवी, भिल्ल, बौद्ध अशा सर्व शेजाऱ्यांच्या लेकरांना उघडे असावे. १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरविणाऱ्या या गावाला तेच शोभेल.

सूचना मतास टाकण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील तीन वर्षांच्या बाळाचे बोलणे एक दिवस लक्षपूर्वक ऐकावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!