आम्रपालीची साक्ष



थेरीगाथेत वैशालीच्या आम्रपालीची गाथा आहे. एके काळची ही नगरवधू भिक्खुणी झाल्यावर स्वतःच्याच वार्धक्याचे वर्णन करते. केस, डोळे, दात, कंठ, पावले पूर्वी कशी होती व आज कशी झाली, हे ती काहीही न लपविता सांगते. तीत विलाप नाही, मृत्यूच्या भयाने केलेला नवस नाही. अनित्यतेचे बुद्धवचन खरे ठरले, एवढीच साक्ष आहे. न्यायालयात स्वतःविरुद्ध दिलेल्या कबुलीला वजन असते; तेच या गाथेला आहे.

आपल्या वाशीतही सुरकुतलेल्या हातांच्या माता आहेत. निराधार आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क २००७ च्या कायद्याने दिला आहे. परंतु ज्याला ही गाथा उमगली, त्याच्या आईवर तो मागण्याची पाळी येऊ नये.