बिऱ्हाड कासवाच्या पाठीवर



विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. गोड्या पाण्यातल्या कासवाच्या पाठीवर मात्र बिऱ्हाडं असतात ती दुसऱ्यांची. देवळातलं दगडी कासव कसं लख्ख असतं! जिवंत कासवाच्या पाठीवर शेवाळ धरतं आणि त्या आसऱ्याला बारीक जीव येतात.

त्यात ठळक दिसते ती जळू. पायांच्या बेचक्यात, मऊ कातडीला ती चिकटते. कासवांवर जगणाऱ्या जळवांचं एक कूळ चपट्या अंगाचं आहे. या कुळातली जळू अंडी पोटाखाली जपते. पिलं बाहेर आली की तीही तिच्या पोटाला चिकटून राहतात आणि आईबरोबरच कासवाच्या अंगावर, पहिल्या घासापर्यंत पोचतात. जळवेच्या जातीत एवढी माया! उन्हं खात बसणाऱ्या कासवांपेक्षा तळाच्या चिखलात राहणाऱ्यांवर जळवा जास्त, असं अमेरिकेतल्या पाहण्यांत आढळलं आहे. आपलं मऊ पाठीचं कासव चिखलातच रमणारं.

दुसरा भाडेकरू ब्रायोझोआ, म्हणजे बारीक जिवांची वसाहत. नुसत्या डोळ्यांना हा तपकिरी पापुद्रा वाटतो. भिंगाखाली धरलात तर एकेका जिवाच्या तोंडाभोवती हलणारं झुबका-झुबका मिशांचं कडं दिसेल. पाण्यातले सूक्ष्म कण गाळून तो जगतो. यातल्या काही जाती अर्ध्या मिलिमीटरचे टणक कण मागे ठेवतात. पाणी आटलं तरी ते तग धरतात, पाणी आलं की रुजतात. उन्हाळ्यात आटणाऱ्या आपल्या हिवरेसारख्या नदीत हे बळ केवढं मोलाचं! ब्रायोझोआचीच एक जात नागपूरला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांना सापडली. मुंबईचे डॉ. कार्टर यांनी 1858 साली तिला त्यांचं नाव दिलं: हिस्लोपिया.

पाणी निर्मळ राहतं म्हणून कासव धरून विहिरीत सोडायची आपल्याकडे रीत आहे. घरात काचेच्या पेटीतही ते ठेवतात. कृपा करून असं करू नका. मऊ पाठीचं कासव 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणं, पाळणं गुन्हा आहे. हिवरेकाठी, गिरणेकाठी कासव दिसलं तर त्याची पाठ खरवडू नका, जळवा उपटू नका. लांबून पाहा, मुलांना दाखवा आणि त्याला त्याच्या पाण्यात जाऊ द्या.